काशीला सोडलेली चटणी

मित्रांनो, मी एक जुना दगडी खलबत्ता आहे. काठाचा टवका उडालाय, पण आवाज अजून खणखणीत! चाकूरच्या आमच्या घरात माझ्याएवढं ठणकावून बोलणारं कुणी नाही, एक दानम्मा सोडली तर.

पाथरवटानं टाकीचे घाव घालून मला घडवलं. दानम्मानं नव्या संसारासाठी मला बाजारातून आणलं. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी काही केल्या घशाखाली उतरेना. मग दानम्मा भाजलेलं जवस, लसूण, मिरची माझ्यात कुटायची. तिचा नवरा शिवप्पा बोटं चाटत म्हणायचा, "ह्या चटणीमुळं जगलो बघ!" बत्त्याला चिकटलेली चटणी दानम्मा गुपचूप चाटायची. मला सगळं दिसायचं.

त्याच दुष्काळात शिवप्पानं काशीचा नवस केला आणि लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तो फेडला. काशीला आवडीचा पदार्थ सोडायचा असतो. हुशार लोक कारलं सोडून येतात! आमचा शिवप्पा सरळ मनाचा. त्यानं जवसाची चटणीच सोडली. झालं, घरात जवस कुटणंच बंद पडलं. पुढं मिक्सर आला आणि मला दाराला टेकण म्हणून लावून ठेवलं. लई वाईट वाटलं हो मला.

वर्षं गेली. पुन्हा दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात म्हातारा शिवप्पा विसरू लागला. आधी चष्मा, मग घरची वाट. एक दिवस त्यानं दानम्मालाच विचारलं, "तुमी कुणाकडच्या वो?" ती दाराआड माझ्याजवळ बसून तोंडात पदर कोंबून रडली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "आजी, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. वय झालं की ते निरोप मंदावतात. गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. पण जेवणात पालेभाज्या, शेंगदाणे, जवस असलं, तर ही घसरण जरा सावकाश होईल, अशी आशा आहे."

"जवस? अगं माय! ते तर त्यांनी काशीला सोडलंय!"

घरी ती मेथीची, चुक्याची भाजी करू लागली. जवसाला मात्र हात लावीना. नवऱ्याची आठवण राखावी की त्याचा नेम? जीव नुसता टांगणीला लागला होता तिचा.

मग एका दुपारी शिवप्पा ताटावरून म्हणाला, "जवसाची चटणी कुठाय गं?"

तो नेमच विसरला होता!  दानम्मा उठली, मला दाराआडून ओढलं, धुतलं आणि हात जोडले. "विश्वनाथा, त्यांचा नेम आता माझ्या नावावर घे. आजपासून जवस मी सोडलं."

आणि मी पुन्हा घुमलो!

आता शिवप्पा पहिल्यासारखा झाला, असं मी खोटं सांगणार नाही. एखाद्या दिवशी तो दानम्माला आई म्हणतो. पण माझा आवाज ऐकला, की बऱ्याचदा ओसरीवरून हाक येते, "दानम्मा, जवस कुटायलीस का?" आपलं नाव ऐकून तिचा हात क्षणभर थांबतो.

मित्रांनो, तुमच्याही दाराआड माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला धुऊन घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटात काय पडतं, तेवढं बघत जा.

काल शिवप्पानं चटणी लावलेला घास तिच्यापुढं धरला. "तू का घेईनास?"

"मला आवडत न्हाई," दानम्मा म्हणाली.

मी दगड, म्हणून गप्प बसलो.