पांढरीतल्या दाढा

होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या अकरा छोट्या बाटल्या सव्वीस वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. प्रत्येकीत उंदराची एकेक दाढ, मोहरीपेक्षा थोडी मोठी. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'पांढरा थर, नदीकाठ'. आयुष्यात मी एकच नवीन गोष्ट सांगितली आणि ती या चिठ्ठीवर उभी होती.

गोष्ट अशी. वैजापूरकडच्या एका गावापाशी नदीने काठ उभा कापला आहे. तळाशी गोटे आणि वाळू, भरपूर पावसाच्या काळातली. तिथे मला स्वतःला उंदरांच्या बुटक्या दाढा सापडल्या होत्या. त्याच्या वर चुनखडीचा पांढरा पट्टा आहे. असा पट्टा पाऊस आटतो तेव्हा जमतो. वीस-एक हजार वर्षांपूर्वी इथला पावसाळा दुबळा झाला, झाडी विरळ झाली, माळावर गवत पसरलं. गवताच्या पात्यात काचेसारखे बारीक कण असतात, वर धूळ बसलेली. ते चावून चावून दाढ झिजते. बुटक्या दाढेचा उंदीर लवकर उपाशी मरतो. उंच दाढेचा थोडा जास्त जगतो, चार पिल्लं जास्त मागे ठेवतो. हजारो पिढ्या असं चाललं की दाढाच उंच होतात. माझ्या अकरा दाढा उंच होत्या. म्हणजे कोरड्या काळाने हा उंदीर घडवला, आणि कधी घडवला तेही त्या काठात दिसत होतं. मी आठ पानांचा लेख लिहिला. फार कुणी वाचला नाही. मंजुषाने वाचला.

मी निवृत्त झालो त्याच कॉलेजात ती आता प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी तिने सहा वर्षं याच उंदरांवर काम केलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण, म्हणजे सगळ्याचा कणा, माझ्या अकरा बाटल्यांवर होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती, सोमवार शेवटचा. फक्त पांढऱ्या पट्ट्याचा एक चांगला फोटो हवा होता. शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन गारखेड्याला माझ्या घरी आली.

"सर, टोपी घ्या. आणि कडूबाईंना भेटायचंच आहे मला. प्रबंधात त्यांचे आभार मानलेत."

दाढा कडूबाईंनी वेचल्या होत्या. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर घालायची माती त्या खणून, चाळून देत. मला काठावर वाकलेला पाहून त्यांनीच विचारलं होतं, काय हरवलं? पुढच्या खेपेला पदराची गाठ सोडून त्यांनी दाढा माझ्या हातावर ठेवल्या. "पांढरीत घावल्या," म्हणाल्या. "चला, दावते." बरोबर चार-पाच बायका होत्या, हसत होत्या. मला संकोच वाटला. एसटीची वेळ झाली, असं मी म्हणालो. एसटीला अजून दीड तास होता.

आता, सव्वीस वर्षांनी, कडूबाई घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"उंदराचे मास्तर! अजून हाईत व्हय तुम्ही?"

"आहे, कसाबसा."

"अन् ही? लेक?"

"माझी विद्यार्थिनी."

"मंग हिला तरी माणसाचं काई शिकवा की. का हिलाबी उंदरंच?"

मंजुषा हसत हसत फोटो काढायला नदीकडे गेली. गुडघ्यांमुळे मी ओसरीवरच बसलो. तिथून काठ दिसत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोट दाखवलं. "तिथूनच काढल्या होत्या ना दाढा?"

"तिथून?" त्यांनी डोळे बारीक केले. "ते चुनखड हाय. कुदळ बसत नाय त्यात, माती कुठली निघायची? मी पांढरीत म्हणलं व्हतं."

"हो, म्हणजे पांढऱ्या थरात."

"थर न् बिर नाय. पांढर, गावाची! म्हातारी माणसं ऱ्हायली ती जुनी जागा. तिथलीच माती धाब्याला लागती, गळत नाय." त्यांना हसू आवरेना. "एवढी बुकं वाचली मास्तर, अन् काळी-पांढर ठावं नाय?"

ठाऊक होतं. शेताची काळी, गावाची पांढरी, हे मी पुस्तकात कैकदा वाचलं होतं. पण त्या दिवशी माझ्या शहरी कानाला फक्त रंग ऐकू आला, आणि मला तोच हवा होता.

"कुठं आहे ती पांढर?"

"आता कुठली? सपाट करून वर पाण्याची टाकी बांधली. तवाच म्हणलं व्हतं, चला दावते."

म्हणजे त्या दाढा तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या, कदाचित आजोबांच्या काळातल्याही. इतक्या अलीकडचा माळावरचा उंदीर उंच दाढेचा असणारच. तो तसा कधी झाला, याबद्दल या दाढा काही सांगत नव्हत्या.

कडूबाईंच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या बांगड्यांकडे बघवेना. दाढा मिळाल्या तेव्हा सातव्या दाढेला हिरव्या काचेचा तांदळाएवढा कण चिकटलेला होता; वीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात काच असणं शक्यच नव्हतं. चाळताना त्यांची बांगडी फुटली असेल, असं ठरवून मी तो चिमट्याने सोडवला आणि वेगळ्या बाटलीत ठेवला. लेखात त्याचा उल्लेख केला नाही. फेकलाही नाही. का फेकला नाही, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

परतताना मंजुषा भरभरून बोलत होती. फोटो सुंदर आला होता. सांगू की नको, असं करता करता बजाजनगर आलं. कंपन्यांची पाळी सुटली होती, गाडी मुंगीसारखी चालली होती. तिथे मी सांगितलं. एसटीच्या बहाण्याचं आणि काचेच्या कणाचंही.

तिने गाडी कडेला घेतली.

"खात्री आहे तुम्हाला?"

"त्यांना आहे."

तिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "तिसरं प्रकरण काढलं तर उरतं काय, सर?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही.

"तुम्ही त्या दिवशी त्यांच्याबरोबर शंभर पावलं..." तिने वाक्य सोडून दिलं. "आज तरी, मला न सांगता राहता आलं असतं तुम्हाला."

"हो."

"मग का सांगितलंत?"

ती चिडून विचारत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. मी टोपी मांडीवर घेऊन तिची कड चाचपत राहिलो. घरापाशी तिने दार उघडून माझा हात धरला, पायरीपर्यंत सोडलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी तिने प्रबंध दिला नाही. तिची नोंदणी रद्द झाल्याचं मला कॉलेजातल्या दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा नंबर न लावताच ठेवला.

काल अकराही बाटल्या कोमट पाण्यात बुडवून जुन्या चिठ्ठ्या सोडवल्या. हिरवा कण परत सातव्या दाढेजवळ ठेवला. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर तेच: 'गावाची पांढर. सांगणाऱ्या: कडूबाई. जागा प्रत्यक्ष पाहिली नाही.'