माती होईपर्यंत काम बंद

"संध्याकाळी सांगू," चेअरमन म्हणाले. "मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई?"

मावशी डेअरीच्या पायरीवर बसली होती. उठली नाही, रडलीही नाही. रडायची मुभाच तिला अजून मिळाली नव्हती.

आमची डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, दूध मोजायचं यंत्र, ओळीनं मांडलेले कॅन आणि छपरावर एक भोंगा. दूध घालून झालं तरी माणसं तिथंच रेंगाळतात, कारण मग भोंग्यावर गावच्या बातम्या येतात. कुणाची शेळी सुटली, कुणाला म्हैस विकायचीय, जनावरांचा डॉक्टर कधी येणार, शाळेच्या शर्यती कधी. बातम्या सांगायचं काम माझ्याकडं. लग्न होऊन आले तेव्हा गावात कॉलेज केलेली सून मी एकटीच होते. हिचे उच्चार साफ आहेत असं कुणीतरी म्हणालं आणि माईक गळ्यात पडला. पोर झाल्यापासून ती कडेवर असते आणि माईक दुसऱ्या हातात. बातम्या लांबल्या आणि पोर कुरकुरायला लागली की मावशी तिला घेऊन बाहेर उभी राहायची. त्या दिवशी मावशीचे हात मांडीवर पडले होते, कुणी विसरून गेल्यासारखे.

गावाचा एक दंडक आहे. भोंग्यावर मरणाची बातमी आली की माती होईपर्यंत काम बंद. औत असेल तिथं उभं करायचं, विळा कमरेला खोचायचा नि मातीला जायचं. फार पूर्वी एकानं तो मोडला, तर पुढं त्याच्या घरच्या मातीला खांदा द्यायला एक माणूस गेला नाही म्हणतात. तेव्हापासून चेअरमनसुद्धा दंडकाच्या वाटेला जात नाहीत. पण दंडकाला दुसरी बाजू आहे. भोंग्यावर येत नाही तोवर गावात कुणी मेलेलं नसतं. घरात प्रेत असलं तरी शेजारी "काय, बरं आहे ना?" म्हणत पुढं निघून जातो.

आणि त्या दिवशी मशीन गावात होतं. गहू कापायचं मशीन वर्षातून दोन दिवस आमच्याकडं येतं, मग पुढच्या गावाला जातं. काल अर्धं गाव झालं होतं. आज आधी चेअरमनचं रान, मग गिरणीवाल्याचं, शेवटी आमचं. आभाळ सकाळपासून काळं ठिक्कर. आदल्या दिवशी खालच्या गावात गारा पडल्या होत्या आणि तिथला गहू जमिनीशी झोपला होता, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मावशीचा नवरा विहिरींचा गाळ काढायचा. कमरेला दोर बांधून खाली उतरायचा, म्हणून सगळे त्याला बेडूक म्हणत, आणि तोंडावर म्हणत. शेवटचा उतरला तो चेअरमनच्या विहिरीत. दिवसभर छातीइतक्या गार पाण्यात उभा राहिला आणि वर आला तो कुडकुडतच. छाती भरली ती भरलीच. त्या दिवशी पहाटे गेला.

"लेकीला कळायला हवं ना," मावशी म्हणाली. "खिंडीपलीकडं दिलीय तिला. घरात फोन एक, तो जावयाच्या खिशात, नि जावई ट्रकवर. उचलत नाही. भोंगा तेवढा तिकडं ऐकू जातो. वारंही आज तिकडंच आहे."

"वारं संध्याकाळीही असेल."

"बापाचं तोंड बघू दे म्हणते मी. दुसरं काही मागितलंय का?"

"बघेल की. पळून चाललाय का तो?"

"बेडूक कुठं पळतोय आता," गिरणीवाला म्हणाला. "मारायची ती उडी मारून झाली त्याची." दोघं-तिघं हसले. मग मावशीकडं बघून गप्प झाले, पण आधी हसले.

चेअरमन तिच्यापुढं उकिडवे बसले. त्यांचा आवाज कधी चढत नाही. "हे बघ बाई, तुझं दुःख काय मला कळत नाही? पण उभं पीक गेलं तर गावानं वर्षभर खायचं काय? एका मेलेल्यापायी जित्यांनी मरायचं का, तूच सांग. घरी जा. दार लावून घे. रडू आलं तर तोंडात कापड धर. आणि चूल पेटव. धूर दिसला नाही की लोक विचारायला येतात."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तू बाकीच्या बातम्या सांग."

मी सांगितल्या. शनिवारी जनावरांना लस. रविवारी शाळेत डोळे तपासणी. शुक्रवारी पोरांच्या शर्यती, पहिलं बक्षीस चेअरमनकडून. लाल शेळी, एक कान कापलेला, कुणाला दिसल्यास कळवावं. मशीन आता चेअरमनच्या रानात निघालं आहे. मावशी भोंग्याखाली मान वर करून उभी होती, शेवटच्या शब्दापर्यंत. चुकून का होईना, यातून तिच्या नवऱ्याचं नाव येईल असं तिला वाटत असावं. मी माईक बंद केला तशी ती निघून गेली.

पोरीचे वडील कॅन टेम्पोत भरून तालुक्याला गेले, ते संध्याकाळीच परतणार. मी खोली धुतली आणि डेअरीची किल्ली कमरेला लावली. मयताच्या घरी तान्हं पोर नेऊ नये म्हणतात. मी असलं काही मानत नाही, तरीही पोरीच्या कपाळाला दोनदा हात लावून बघितला. दाताचा ताप होता तिला, की दुसरा कसला, ते मला आठवडाभर कळत नव्हतं. तशीच तिला घेऊन मावशीच्या दारात गेले.

चूल पेटलेली होती. वर पातेलं, पातेल्यात नुसतं पाणी. तो भिंतीकडं तोंड करून निजवलेला, गळ्यापर्यंत गोधडी घातलेला. मावशी गोधडीचा कोपरा सारखा नीट करत होती.

"तिघी येऊन गेल्या दारावरून," ती म्हणाली. "विचारतात, कसं आहे आता त्यांना. मी म्हटलं, पडलाय. त्यात खोटं काय आहे?"

"मावशी, खाल्लंस का काही?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय गं? सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तिघींनाही ठाऊक आहे." तिनं माझ्याकडं बघितलं. "उकडतंय केवढं. तू शिकलेली आहेस, तूच सांग. संध्याकाळपर्यंत तोंड बघण्यासारखं राहील का त्याचं?"

नाकाला जे कळायला लागलं होतं ते तिला आधीच कळलं होतं.

डेअरीकडं वळले तर वाटेत सासूबाई, डोक्यावर रिकाम्या पोत्यांची घडी. माझ्या चालण्यावरूनच त्यांनी ओळखलं.

"किल्ली घेऊन कुठं निघालीस?"

"डेअरीत."

"दूध संध्याकाळी. आता काय आहे डेअरीत?"

"आई, लेक आहे तिची. एकच आहे."

"आणि ही कोण आहे?" त्यांनी माझ्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडं बोट केलं. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करायचं नसतं. चेअरमनचं रान निम्मं झालंय. आपला नंबर शेवटचा. मशीन थांबलं नि गारा आल्या तर हिला वर्षभर काय भरवशील? कॉलेजचा कागद?"

त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला त्यांच्याकडं बघवेना. आमच्या रानात कमरेइतका गहू उभा होता. मी रोज दोनदा तो बघून यायचे, आजारी माणसाला बघावं तसा. पोरीचा श्वास माझ्या मानेवर गरम लागत होता. मी बाजूनं निघून गेले. सासूबाई पाठीमागून म्हणाल्या, "ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई. तुझं अजून जळलेलं नाही."

मी कुलूप काढलं. माईकवर बोट वाजवलं, दोनदा. आणि सांगितलं. विहिरीचा गाळ काढणारे आपल्या गावचे अमुक अमुक आज पहाटे वारले. त्यांचं खरं नाव घेतलं. ते मला सकाळी मावशीला विचारावं लागलं होतं. खिंडीपलीकडच्या त्यांच्या लेकीनं लगेच निघावं, असंही सांगितलं. दोनदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

मशीनचा आवाज बदलला. बंद झाला नाही. पुढं जायचं तेवढं थांबलं आणि नुसतं घरघरत उभं राहिलं.

चेअरमन मोटारसायकलवर आले. मी पोरीला घट्ट धरून भिंतीला टेकले. काय काय ऐकून घ्यायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड पुसलं, टेबलावरचं पाणी प्यायले.

"सांगितलंस. बरं केलंस," ते म्हणाले. "आता दंडक तो दंडक. दे तो माईक."

आणि भोंग्यावर त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "माती आत्ता आहे. घरटी एक नको, सगळ्यांनी यावं. विळे-खोरी हातात असतील तशीच घेऊन यावं. कालव्यावरचा जेसीबी माळावर यायला सांगितलाय. दंडक माती होईपर्यंतचा आहे. माती लवकर झाली तर दंडक लवकर सुटेल."

गावाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. रानारानातून माणसं पळत आली, पायाला धूळ, डोक्यावर भुसा. मी मावशीच्या दारात पोचले तोवर त्याला बाहेर काढलं होतं. अंघोळ म्हणून एक बादली ओतली, तीही अर्धी जमिनीवर गेली.

"थांबा ओ थोडं," मावशी एकेकाचा हात धरत होती. "निघाली असेल ती. खिंडीत असेल बघा."

"तिच्यासाठी आभाळ थांबणार आहे का?" चेअरमन म्हणाले. "उचला."

उचललं आणि निघाले. चालले नाहीत, पळाले. चौघं दमले की धावता धावताच दुसरे चौघं खांदा द्यायचे. वळणावर तो एका बाजूला घसरला. कुणीतरी कोपरानं सावरला आणि तसाच पुढं.

"एवढी माणसं चेअरमनच्या वडिलांच्या मातीलाही नव्हती," गिरणीवाला धापा टाकत म्हणाला. "नशीब काढलं बेडकानं."

मशीनवाला परका माणूस, तोही आला होता. "मशीन बंद नाही केलं मी," तो शेजारच्याला सांगत होता. "बंद केलं की चालू व्हायला नखरे करतं. इथं वेळ किती लागतो?"

"झालंच."

आयुष्यभर हातानं गाळ उपसलेल्या माणसाचा खड्डा जेसीबीनं चार घासात खणला. खाली सोडलं. मावशीच्या मुठीत माती दिली. तिनं मूठ छातीशी धरली आणि खिंडीकडं तोंड करून उभी राहिली. सगळे तिच्या मुठीकडं बघत होते. लांब मशीन घरघरत होतं.

"टाक बाई," चेअरमन म्हणाले.

तिनं मूठ उघडली नाही. चेअरमननी तिचं मनगट धरलं, खड्ड्यावर नेलं आणि दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक करून उघडली. शेंगा सोलतात तशी. माती पडली. जेसीबीवाल्यानं उरलेली लोटली, वरून दोनदा दाबली.

"झालं," चेअरमन हात झटकत म्हणाले.

माणसं आली त्याहून वेगानं गेली. सासूबाई तेवढ्या घुटमळल्या. मावशीच्या खांद्याला हात लावावा असं त्यांना वाटलं असेल, पण पोती काखेत होती. "झालं ते बरं झालं," त्या मला म्हणाल्या, "तू पोरीला ऊन-वारं लागू देऊ नकोस," आणि रानाकडं गेल्या.

थोड्याच वेळात भोंगा वाजला. चेअरमन बोलत होते. "माती झाली. सर्वांनी कामाला लागावं. मशीन चेअरमनच्या रानातून गिरणीवाल्याच्या रानात, तिथून डेअरीच्या सूनबाईंच्या रानात जाईल. डोळे तपासणी रविवारी आहे, विसरू नये."

माळावर मी, मावशी आणि माझी पोर. मावशी मातीवर उमटलेले जेसीबीचे दात हातानं सारखे करत बसली. मला जायला हवं होतं. पोती धरायला माणूस लागतं, सासूबाई एकट्या होत्या. मी बसून राहिले. पोर उठली, मातीचा खडा तोंडाकडं न्यायला लागली, मी तो काढून घेतला. पुन्हा नेला, पुन्हा काढला. पाऊस आलाच नाही. आभाळ वरच्या अंगानं फाटलं आणि लख्ख ऊन पडलं. आमच्या रानात मशीन शिरल्याचा आवाज मला ओळखू आला.

मग खिंडीच्या वाटेनं एक बाई येताना दिसली. माझ्याच वयाची असेल. पायांत काही नव्हतं, चपला हातात होत्या. पायांतून रक्त येत होतं, काटे मोडले होते. ती सावकाश चालत होती, बाजाराहून परतल्यासारखी, आणि रडत नव्हती. त्याचंच मला नवल वाटलं.

ती आली. आईकडं बघितलं, मातीकडं बघितलं. मावशी उठली नाही. तिनं फक्त आपला हात वर केला, मघाचा तोच, आणि लेकीनं तो धरला.

"भोंग्यावर तुम्हीच सांगता ना?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आमच्याकडं अगदी स्पष्ट येतो आवाज." तिनं चपला खाली ठेवल्या. "पहिलं ऐकलं तेव्हा निघाले. माती आत्ता आहे असं दुसरं ऐकलं तेव्हा चपला काढून हातात घेतल्या नि पळत सुटले. खिंडीच्या माथ्यावर तिसरं ऐकलं."

तिनं एक चप्पल पायात घातली, मग दुसरी.

"मग चालत आले," ती म्हणाली.