पाहिले

मी सूचनावही. बोलणे हे माझे काम नव्हे. पण ज्यांचे ते काम आहे ते बोलत नाहीत, म्हणून नाइलाजाने बोलते.

१९६१ साली मी भिलाईच्या एका तंत्रविद्यालयात आले. बाहेर कारखान्याच्या नव्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. आमचे यंत्रविभागप्रमुख पंजाबराव सज्जन माणूस, पूजा केल्यावाचून पाणी न घेणारे. अध्यापक आठ, सारे नागपूरकडचे. त्यांची खोली प्रमुखांच्या खोलीपासून चौदा पावलांवर. ती पावले मी रोज शिपाई नत्थूच्या काखेतून गेले. प्रमुखांनी ती कधी टाकली नव्हती.

ते माझ्यात सूचना लिहीत. अध्यापक 'पाहिले' लिहून सही करीत.

"काय म्हणून राहिली आज पोथी?" वयाने वडील असलेले शेषराव विचारीत.

"पयले सही करा जी, मंग वाचा," नत्थू म्हणे.

सारे हसत. मला हसू येत नसे.

एका सोमवारी पंजाबरावांनी नत्थूला विचारले, "केवलरामच्या घरी काही झालं का रे?" नत्थूला ठाऊक नव्हते. मग त्यांनी लिहिले : 'अध्यापक श्री. केवलराम तीन वेळा उशिरा आले. खुलासा करावा.' काळजी दौतीतच राहिली. कागदावर उतरला तो खुलासा.

केवलरामांची पत्नी भागीरथा दुर्गच्या दवाखान्यात होती. तिला पेज भरवून ते सायकलने येत. त्या दिवशी प्रथमच कोणी मला शब्दन् शब्द वाचले. 'पाहिले'च्या जागी त्यांनी लिहिले : 'राजीनामा देत आहे.'

ते वाचताच पंजाबराव मला हाती घेऊन स्वतः चालत गेले.

"राजीनामा कावून रे? झालं तरी काय?"

"बायको दवाखान्यात हाय, साहेब."

"मंग मले सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी तं लिहिलं."

पंजाबरावांनी तिथेच राजीनाम्याची ओळ खोडली, केवलरामांना रजा दिली. मला वाटले, देव पावला. आता मी कपाटात विसावेन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'यापुढे अडचणी समक्ष बोलून सांगाव्यात. सर्वांनी सह्या कराव्यात.'

नत्थूने मला काखेत मारले. केवलराम रजेवर होते. उरलेल्या सातही जणांनी लिहिले, 'पाहिले'.

माझी तीन पाने उरली आहेत. प्रमुखहो, परमेश्वराने वाणी दिली ती मला नव्हे, तुम्हाला. चौदाच पावले आहेत. चाला.