कच्चा टाका

"चेंडू दाबायला कोणी सांगितलं होतं?" ह्यांच्या उजव्या हाताची पट्टी सोडवत हँड थेरपिस्ट बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. घरात होता. दिसला, दाबला," हे म्हणाले.

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. एरवी ह्यांनी एक वाक्य बोलायचं आणि मी चार, अशी आमच्या घरची वाटणी. त्या दिवशी माझी दातखीळ बसली.

बाईंनी ह्यांची तर्जनी हलकेच धरली. "वाकवा बघू." बोट हललं नाही. "पुन्हा एकदा. जोर नको, नुसतं वाकवा." ह्यांच्या कपाळावर घाम आला, पण बोट सरळच्या सरळ. बाईंनी बोट अलगद खाली ठेवलं. मग सर्जनना फोन लावायला बाहेर गेल्या.

आमचे हे शिंपी. साधे कपडे कोणीही शिवतं, पण कोटाची काजं हातानं करणारे आमच्या बाजूला हे एकटेच. दुकानात गिऱ्हाइकासाठी लावलेला उंच आरसा एके सकाळी खिळ्यावरून निसटला आणि हे तो धरायला धावले. आरसा फुटला, आणि बोट वाकवणारी शीर तुटली. सर्जननी ती शिवली आणि बजावून सांगितलं, "माझं काम झालं, आता पुढचं हँड थेरपीचं. नेहमीच्या फिजिओथेरपीनं इथे भागणार नाही. हाताचंच काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जायचं."

त्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदला, रांगेत बसा, घरी येईपर्यंत दिवस संपलेला. ह्यांना मात्र त्या पहिल्या भेटीतच पटल्या. त्यांनी ह्यांचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, कागद कापला, त्या मापानं प्लास्टिकचा पत्रा कापून गरम पाण्यात मऊ केला आणि हातावर पट्टी म्हणून बसवला.

"कटिंग बघितलंस?" परतताना बसमध्ये हे म्हणाले. "आधी कागद कापला. हात शिकलेला आहे." माझ्या शिलाईचं एवढं कौतुक मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघत बसले.

पट्टी सहा आठवडे काढायची नाही, आणि तासातासाला दुसऱ्या हातानं बोट हळूच वाकवून सोडायचं, दहा वेळा. बस्स. मला हे व्यायाम पोरखेळ वाटायचे. तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात घसरून मनगट मोडून घेतलं होतं. प्लास्टर निघाल्यावर आमच्या जिन्याखालच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला रबराचा चेंडू दिला, रोज दाबायला लावला आणि महिन्याभरात मी चादरी पिळायला लागले. म्हणून मी त्यांनाच गाठलं.

"मॅडम, ह्यांना तुमच्याकडेच आणते. एवढ्या लांब कशाला?"

"नको काकू," त्या म्हणाल्या. "मनगट, खांदा असता तर घेतलं असतं. ही शिवलेली शीर आहे. ती हँड थेरपीवाल्या बाईंचीच विद्या. तिकडेच न्या."

मला वाटलं, मॅडम अंग काढून घेतायत. मॅडम नसल्या तर नसल्या, त्यांचा चेंडू होता ना घरात! चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी तो कपाटातून काढला, ह्यांच्या हाताची पट्टी सोडली आणि चेंडू हातात दिला.

"अगं, त्यांनी जोर लावू नका म्हटलंय," हे म्हणाले. "कच्चा टाका आहे. पक्का होईपर्यंत ओढ द्यायची नाही."

"मला शिकवू नका. हात असा राहिला तर कोट कोण शिवणार? दाबा."

ह्यांनी दाबला. माझ्या तोंडाला तोंड कोण देणार! तिसऱ्या वेळेला ह्यांचा चेहरा एकदम उतरला. "झालं काय?" मी विचारलं. "काही नाही, थकलो," म्हणाले आणि पट्टी स्वतःच बांधून घेतली. आत काहीतरी 'टक्' झालं होतं, हे त्यांनी मला नाही, चार दिवसांनी बाईंना सांगितलं. मी शिंप्याची बायको. कच्चा टाका घातलेली बाही मी कधी कोणाला ओढू दिली नाही, आणि इथे माझ्याच हातानं ओढायला लावली.

सर्जन म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करता येईल. दोनदा करावं लागेल, वर्ष जाईल, खात्री नाही. ह्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि नको म्हणाले.

सर्जनकडून घरी आल्यावर मी एकदाच विचारलं, "बाईंना खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून शीर जुळली असती का?" एवढंच म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

आता दुकानात कापणं हे करतात, मधल्या बोटावर कात्री पेलून. काजं मी करते. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. ह्यांना कळतो. माझ्या काजावरून ते सरळ राहिलेलं बोट फिरवतात, एखाद्या ठिकाणी थांबतात आणि कोट घडी घालून ठेवतात. पूर्वी अशा कामासाठी हाताखालच्या कारागिराला चार शब्द ऐकवले असते.

चहा आम्ही समोरासमोर बसून पितो. ह्यांनी कप उचलला की बाकीची बोटं कपाच्या कानाभोवती वळायची आणि ते एक वळायचं नाही, नेमकं माझ्याकडे रोखलेलं राहायचं. मी मान खाली घालून प्यायचे. आपण काही बोलत नाही, ह्यांना काय समजणार, असं मला वाटायचं.

एका सकाळी ह्यांनी कप ठेवला आणि बशीत चहा सांडला. मी वर पाहिलं. हे डाव्या हातानं चहा पीत होते आणि उजवा हात टेबलाखाली होता.

"सांडतोय की," मी म्हटलं.

"होईल सवय," हे म्हणाले आणि बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.