पुतळ्यावरचा मिलिटरी ड्रेस

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या जेलरोडला माहीत आहे. पण खरं सांगते, त्या जुलैत माझ्या जागी एखादा संत असता ना, तरी त्याने काउंटरवर डोकं आपटून घेतलं असतं.

माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. यंदा टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या आणि पोरांच्या मिलिटरी ड्रेसला अशी मागणी आली की विचारू नका. हिरव्या-तपकिरी डागांचा शर्ट, तशीच पँट, कमरेला पट्टा, टोपी आणि सोबत प्लास्टिकची बंदूक. मी काचेतल्या पुतळ्याला हाच ड्रेस चढवला आणि बंदूक त्याच्या हातात दिली. येता-जाता पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता, पलीकडच्या शाळेच्या मॅडमनी अख्ख्या बालवाडीसाठी हेच ड्रेस सांगून ठेवले होते. मी खूश होते. का नसावं?

तर सकाळी मी शटर वर करते, देवाला उदबत्ती लावते आणि भवानीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची, वाट बघते. पहिल्या गिऱ्हाइकाला मी कधी रिकाम्या हाती जाऊ देत नाही. चार पैसे कमी घेईन, पण काहीतरी गळ्यात मारीनच. भवानी चुकली की सगळा दिवस चुकतो, हे सासूबाईंनी शिकवलंय. आमचे हे हसतात मला. हसणारच. ते ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत, त्यांच्याकडे कुठे भवानी असते?

त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नवसाबाई. मूळच्या सिन्नरकडच्या, आता मागच्या गल्लीत राहतात. मुलगा भारत फौजेत, सीमेवर. घरात सून दीपमाला आणि पाच वर्षांचा नातू पिंट्या.

"या मावशी, काय दाखवू?"

"दाखवू नको काई. उलट एक झाकून ठेव. त्यो पुतळ्यावरचा ड्रेस काढ ना, ताई."

मला वाटलं मस्करी करतायत. "का हो? काय केलं त्याने तुमचं?"

"आमच्या गल्लीत समद्या पोरांनी त्योच घातलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळधरनं ठो-ठो करत्यात आन् मरून पडत्यात. आमचा पिंट्यापन. ऐन दारात आडवा पडलेला असतो, डोळे मिटून. त्याचं तोंड सारं बापावानी हाय. मला न्हाय सोसत, ताई."

मी हसले. "अहो, खेळ आहे तो! आपण नाही का चोर-पोलीस खेळलो? तुमचा मुलगा फौजेत, तुम्हाला तर अभिमान पाहिजे."

"अभिमान हाय की. लय हाय. पन त्याचा फोन आल्याला नाय."

येईल हो, म्हटलं. आणि त्या वळल्या तसं माझ्या लक्षात आलं, अरे देवा, ही तर भवानी! मी अक्षरशः मागे धावले. "मावशी, निदान एक रुमाल तरी घ्या."

"त्यो ड्रेस काढ, मंग दोन घेते," म्हणाल्या, आणि चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर पायरीवर नवसाबाई. तेच बोलणं, आणि हात हलवत परत. तिसऱ्या दिवशी खुर्शीदाभाभी आल्या. त्यांचा नातू फराज पिंट्याच्याच टोळीतला. एक फ्रॉक हातात घेतला, शिलाई बघितली, किंमत विचारली, "बहोत अच्छा है," म्हणाल्या. "पुतळ्याचा ड्रेस काढला की नातीसाठी, अफरीनसाठी नेते." गेल्या. मग मंगलाबाई. मग त्या गल्लीतली आणखी कुणी. ना घोषणा, ना भांडण, ना तोंड वर करून बोलणं. रोज एक बाई सगळ्यांच्या आधी येणार, गोड बोलणार आणि माझी भवानी बुडवून जाणार. कुणाला कुठे मारायचं हे बायकांना बरोबर कळतं!

मी काय कमी आहे? लवकर दुकान उघडून पाहिलं, तर मंगलाबाई माझ्या आधी हजर. दाराला लिंबू-मिरची बांधली. शेवटी शेजारच्या मोबाइलवाल्या ललितला पटवलं. म्हटलं, बाबा, उद्या पहिला तू ये, एक मोज्यांचा जोड घे आणि संध्याकाळी परत कर. आला बिचारा. पायरीवर खुर्शीदाभाभींना बघितलं आणि तसाच मागे फिरला. "वहिनी, भाभींनी मला लहानपणी कडेवर खेळवलंय. मला नका मध्ये ओढू." घ्या! म्हणजे सगळा जेलरोड माझ्या विरोधात.

रात्री ह्यांच्यापुढे रडगाणं गायले. हे म्हणाले, "काढून ठेव ना एक ड्रेस, काय बिघडतं?" माझा पारा चढला. बिघडतं काय म्हणजे? दुकान माझं, काच माझी, पुतळा माझा. आज ड्रेस काढा म्हणतील, उद्या म्हणतील फ्रॉकच्या बाह्या लांब करा. आणि शाळेचा माल यायचा होता, त्याचं काय? मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून सरळ मागच्या गल्लीत गेले.

नवसाबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. शेजारी खुर्शीदाभाभी. मला बघून दोघींनी जागा करून दिली, जणू मी हळदीकुंकवालाच आले होते.

"मावशी, हे बरं नाही," मी उभ्या उभ्याच सुरू केलं. "तुमच्या जिवाला बरं वाटत नाही म्हणून मी धंदा बंद करायचा का? तुमच्या पिंट्याला घालू नका ना तो ड्रेस! घेतला कुणी? तुमच्याच सुनेने."

"हौसेनं घेतला तिनं," नवसाबाई म्हणाल्या. "नवरा लांब. पोरात त्याला बघती ती. तिला कसं म्हनू, काढ म्हनून? बस तू. पानी पी आधी."

आता पाणी पिणाऱ्या माणसाला ओरडता येतं का? बसले. समोर पोरांचं घमासान युद्ध चाललं होतं. पिंट्या पिंपामागून बाहेर आला, फराजने ठो केलं, आणि हा पठ्ठ्या हात पसरून धाडकन पडला. मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. एक पोरगं खेळताना पडलं, एवढंच दिसलं मला. नवसाबाईंनी मात्र मान फिरवली. हातातली काडी निवडतच राहिल्या, पण पान एकीकडे आणि देठ एकीकडे, तसं काही होत नव्हतं. सगळं एकाच ढिगात पडत होतं.

"फोन आला का?" मी विचारलं. भांडायला आलेली मी, पण तोंडातून तेच निघालं.

"काल आला. सुट्टी मिळाली म्हनला. कवा निघनार ते नाय सांगितलं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. उंच, रापलेला माणूस उतरला. अंगात साधा टी-शर्ट, खाली मात्र तीच डागांची पँट, धुऊन धुऊन विटलेली. पाठीवर भलीमोठी बॅग. पोरांचं युद्ध एकदम थांबलं. दीपमाला दारात आली आणि तिथेच खिळली. नवसाबाई उठायला लागल्या, मांडीवर मेथी आहे हे विसरून.

पिंट्या आधी लाजला. मग त्याला आपली बंदूक आठवली. "पप्पा, हात वर!" तो ओरडला, आणि बापाने हात वर करायच्या आतच, "ठो!"

आता कुठलाही बाप काय करेल? भारतने छातीवर हात दाबला, "आई गं!" म्हणून एक किंकाळी फोडली आणि बॅगेसकट रस्त्यावर उताणा पडला. डोळे मिटलेले, हात पसरलेले. पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली. दीपमाला तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले. खरंच हसले.

मग नवसाबाई माझ्या पुढून गेल्या. सगळी मेथी ओट्यावर सांडली होती. त्या लेकाजवळ बसल्या, आणि त्यांनी त्याच्या नाकाजवळ तळहात धरला. श्वास येतोय का बघायला.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

तो अजून खेळातच. हललाच नाही.

"ऊठ रं. भारत, ऊठ ना."

त्याने एक डोळा उघडला, गालातल्या गालात हसत. आईचा चेहरा बघितला मात्र, ताडकन उठून बसला. "अगं आई, खेळत होतो. हे बघ, काही नाही. बघ ना माझ्याकडे." त्यांनी काही बघितलं नाही. त्याचा टी-शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि तशाच बसून राहिल्या.

पिंट्या मध्येच उड्या मारत होता. "पप्पा, परत! परत एकदा मरा ना!"

गल्लीत कुणीही हसलं नाही. खुर्शीदाभाभींनी फराजच्या हातातली बंदूक काढून घेतली. दीपमालाने पिंट्याला उचललं आणि तिथेच त्याच्या शर्टाची बटणं सोडायला लागली. तो हातपाय झाडत होता, आणि ती रडत रडत बटणं सोडत होती. मलाही रडू आलं. चारचौघांत रडू आलं म्हणून मला स्वतःचाच संताप आला, पण थांबेना.

मी तिथल्या तिथे शाळेच्या मॅडमना फोन लावला. म्हटलं, ड्रेस मिळणार नाहीत, दुसरं काहीतरी ठरवा.

"अहो, असं कसं? माल आला नाही का?"

"माल मीच नको म्हणणार आहे."

"पण का?"

समोर भारत हळूच म्हणत होता, "आई, सोड ना. आत तरी येऊ दे मला." पण नवसाबाई काही सोडेनात. मॅडम पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, उद्या दुकानात या, समोर बसून सांगते," आणि फोन ठेवला.

भारतने बॅग तिथेच रस्त्यात टाकली. शर्ट आईच्या मुठीत तसाच राहू दिला, आणि तिला कवेत धरून तो एक एक पायरी चढत घरात गेला.