कडेला तोंड असलेली पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. जन्मले तेव्हा मला तोंडच नव्हतं, म्हणून बोलायची हौस जरा जास्तच आहे.

नारिंगी फुलांच्या जुन्या पडद्याचा एक तुकडा, चारही बाजूंनी शिवलेला, आणि वर चामड्याचे दोन बंद, असं माझं पहिलं रूप.

"झाली बाई एकदाची!" मशीनवरून उठत डागनी म्हणाली.

"छानच झाली," थोराने मला उलटंपालटं करून पाहिलं. "पण यात सामान कुठून घालायचं?"

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की थोराला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तिसरी, बिर्ना, हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

आमचं गाव आइसलंडच्या पश्चिम टोकाला, एका लांब खाडीच्या काठावर. तिथे या बायकांचं शिवणमंडळ दर गुरुवारी भरायचं. नाव शिवणमंडळ, काम खाणं आणि बोलणं. पॅनकेक, धुरावलेलं मांस घातलेल्या पातळ भाकऱ्या, पीळ देऊन तळलेल्या गोड क्लायनुर आणि किटलीभर कॉफी. शिवण येणारी एकटी स्वावा. ती कोपऱ्यात बसून कुणाची चेन बदलायची, कुणाच्या नातवाची पँट आखूड करायची, आणि बाकीच्या तिघींना शिवणातलं काही कळत नाही यावर टोमणे मारायची.

तीच स्वावा गाव सोडून निघाली होती. तिचा नवरा केटिल शरद ऋतूत गेला. वसंत आला तशी मुलाने, कारीने, तिच्यासाठी राजधानीत, रेक्याविकला, आपल्या घराजवळ जागा पाहिली. गुरुवारी क्लायनुरचा घास घेता घेता स्वावाने ही बातमी सांगितली.

"म्हणजे पळून चाललीस," बिर्ना म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती स्वावाची शेजारीण.

"हो, तुझ्या कॉफीपासून," स्वावा म्हणाली.

बाकीच्या हसल्या. त्या दोघी नाही. घरी जाऊन बिर्नाने स्वयंपाकघराचा स्वावाच्या घराकडचा पडदा ओढून घेतला, तो पुन्हा उघडलाच नाही. समोरासमोरची घरं, पण बोलणं बंद.

जाताना स्वावाला आपल्या हातची पिशवी द्यायची, ही कल्पना डागनीची. "शिवणमंडळाने निदान एक वस्तू शिवली, असं तरी होईल," ती म्हणाली. पण मशीन कुणाकडेच नव्हतं. होतं ते स्वावाकडे, तेही खोक्यात भरलेलं. डागनी सरळ मागायलाच गेली.

"कशाला हवंय?" स्वावाने विचारलं.

"पडदा शिवायचाय."

"तू? पडदा?"

"माणसाने कधीतरी सुरुवात करावी!"

स्वावाने खोकं उघडून मशीन काढून दिलं. वर म्हणाली, "बोट सुईखाली घालू नकोस. रक्ताचे डाग निघत नाहीत."

अशी मी त्या मशीनवर जन्मले, तोंडाशिवाय.

हसणं थांबल्यावर बिर्नाने हात पुढे केला. "द्या इकडे." तिने मासे साफ करायची कात्री उचलली आणि कचकन मला कापलं.

"अगं, वर कापायचं होतं!" थोरा ओरडली. "तू कडेला कापलंस!"

"आता कापलंय," बिर्ना म्हणाली आणि मला काखेत मारून घरी निघून गेली.

त्या दुपारची गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. बिर्नाने मला मांडीवर घेतलं आणि कापलेल्या कडेला हाताने टाके घालायला लागली. रेडिओ लावला नाही. सुई टोचली की सुईला शिवी द्यायची. मधेच हात थांबायचा. एकदा उठून तिने तो ओढलेला पडदा बोटभर सरकवला. पलीकडे अंगणात स्वावा एकटीच भलामोठा गालिचा गुंडाळत होती. एक टोक धरलं की दुसरं वाऱ्याने उलगडायचं. बिर्ना दारापर्यंत गेली, कडीला हातही लावला, आणि परत येऊन बसली. त्यापुढचे टाके फार मोठे आणि फार वाकडे आहेत.

एवढ्यात तिचा नवरा ओद्दुर पँट धरून आत आला. "माझा पट्टा कुठे दिसला का गं?"

"नाही बाई," बिर्ना म्हणाली आणि माझ्या बंदांवर कोपर ठेवून बसली.

शनिवारी सकाळी तिघी मला घेऊन स्वावाकडे गेल्या. गाडी भरलेली होती. कारी इंजिन चालू करून बसला होता. वारा असा की गाडीचं दार धरून ठेवावं लागत होतं. डागनीने मला पुढे केलं.

स्वावाने मला हातात घेतलं. "उशीचा अभ्रा आहे का?"

"पिशवी आहे!" थोरा म्हणाली. "शिवणमंडळाकडून."

"तोंड कुठेय?"

"कडेला."

स्वावाने हुंगून पाहिलं. आत बिर्नाने वाटेत खायला सुका मासा ठेवला होता. मग ती माझ्या शिवणीवरून बोट फिरवू लागली. मशीनची शिवण पाहून तिने डागनीकडे नुसतं बघितलं. कडेच्या टाक्यांवर मात्र बोट थांबलं.

"हे कुणी घातलेत?"

"मी," बिर्ना म्हणाली.

"डोळे मिटून घातलेस?"

"डोळ्यांत पाणी होतं, दिसत नव्हतं." आणि लगेच, "कांदा चिरत होते."

"शिवताना?"

"हो, शिवताना! तुझं काय जातं?"

गाडीचं मागचं दार उघडून स्वावा म्हणाली, "बस आत. पेट्रोल पंपापर्यंत चल. हॉटडॉग खाऊ."

"आणि परत कशी येऊ?"

"बसने."

"शनिवारी बस नसते."

"माहितेय मला," स्वावा म्हणाली.

बिर्ना घरातल्या सपाता घालूनच गाडीत बसली. मी दोघींच्या मधे. पेट्रोल पंप आला, हॉटडॉग झाले, पण उतरायचं नाव कुणी काढलं नाही. कारीने आरशातून पाहिलं आणि शहाण्यासारखी गाडी पुढे काढली.

घाट चढताना बिर्ना म्हणाली, "आता समोर दिवा दिसायचा नाही मला."

"मी त्या घरात राहूच शकत नाही गं," स्वावा म्हणाली. "केटिलचे बूट दारात दिसतात. उचलून ठेवले तरी दिसतात."

"मला सांगायचंस ना."

"तू पडदा ओढून बसलीस."

"बरं तर," बिर्ना म्हणाली. आमच्याकडे हे म्हटलं की माणूस जायला उठतो. चालत्या गाडीतून उठून जाणार कुठे? मग स्वावाने सुका मासा काढला, अर्धा तिला दिला, आणि दोघी रेक्याविकपर्यंत चघळत बसल्या. ओद्दुरने फोन केला तेव्हा बिर्ना म्हणाली, "फ्रिजमध्ये सूप आहे. मी राजधानीला आलेय."

चार दिवस राहून, नवे बूट घेऊन ती परत गेली.

शहरात मला काम लागलं. स्वावा रोज सकाळी तरणतलावावर जायची. तिचा टॉवेल आणि पोहायचा पोशाख माझ्यात. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या बायका सगळ्या जगाची चौकशी करतात, तशी माझीही झाली.

"कडेला तोंड! कुठल्या दुकानातली हो?"

"आमच्या मंडळाचा नमुना आहे," स्वावा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

एकीने मागितली, मग दुसरीने. स्वावाने डागनीने परत केलेलं मशीन काढलं आणि दोन पिशव्या शिवल्या. शिवण अगदी सरळ. मला शेजारी ठेवून तिने बघितलं, मान हलवली आणि फोन लावला.

"बिर्ना, तुझ्याइतकं वाकडं मला जमत नाही. तू शिव."

"तू माझा अपमान करायला फोन केलास?"

"कापड उद्याच्या बसने पाठवतेय. आणि थोराला सांग, मधे खायला उठायचं नाही."

त्यानंतर शिवणमंडळ खरोखर शिवायला लागलं. पिशव्या आल्या, पाकिटं आली. शनिवार-रविवारच्या बाजारात स्वावाने टेबल मांडलं आणि नमुना म्हणून मला पुढे ठेवलं. ज्याला आवडली त्याने विकत घेतली, आणि जी बाई माझ्यासमोर जास्त वेळ रेंगाळली तिला स्वावाने एक पिशवी फुकटच देऊन टाकली. दर गुरुवारी गावी मंडळाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवतात आणि स्वावा इथून सगळ्यांच्या चुका काढते.

गेल्या महिन्यात बिर्ना स्वतःच गठ्ठा घेऊन आली. टाके बारीक, एका ओळीत, देखणे. स्वावाने चष्मा लावून एकेक पिशवी पाहिली.

"बिघडलीस तू," ती म्हणाली.

बिर्ना इतकी खूश झाली की तिने कॉफीत दोनदा साखर घातली.

मी आता म्हातारी झालेय. नारिंगी फुलं पिवळी पडली, तळ दोनदा बदलला. ओले टॉवेल आता मला पेलत नाहीत, म्हणून हल्ली माझ्यात लोकर असते. कुणी हाताने शिवून काही दिलं, तर कपाटात जपून ठेवू नका एवढंच सांगते. वापरा. ओलं करा, मळवा, बाजारात न्या. आम्हाला तेच सुख.

आज स्वावा सकाळपासून लगबगीत आहे. उन्हाळा गावी काढायचा म्हणतेय, बिर्नाच्या माडीवर. लोकर काढून तिने माझ्यात लाल मोजे, चष्मा आणि रस्त्यात खायला क्लायनुर भरलेत. खाली कारी हॉर्न वाजवतोय. बंदांना हात लागला की पिशवीने निघायचं असतं.

निघते मी.