हात लावण्याआधी एक शब्द

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो; पण तुमच्या खेळण्यातली नव्हे. माझी उंची तुमच्या आईएवढी आहे, अंगावर रबराची कातडी आहे आणि माझी मान, कोपरं, गुडघे सगळं वाकतं. परिचारिका घडवणाऱ्या एका शाळेत, खिडकीजवळच्या लोखंडी पलंगावर मी पडून असते. मुली मला आत्याबाई म्हणतात. मी जन्मले त्या कारखान्यात डोळे रंगवणाऱ्या बाईंचा हात जरा हलला असावा, कारण माझी एक भुवई कायम वर चढलेली आहे. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय.

सुरुवातीची वर्षं माझी मोठी बडदास्त होती. जाड प्लास्टिकच्या आवरणात मला ठेवलेलं असे. पाहुणे आले की आवरण निघे, ते मला बघून मान डोलावत आणि आवरण पुन्हा चढे. पलंगाला पाटी होती, 'हात लावू नये'. मुली लांबूनच मला बघत आणि वहीत माझी आकृती काढत. परीक्षेत प्रश्न येई, 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवावे ते सविस्तर लिहा.' मुली पानंच्या पानं लिहीत. निकाल उत्तम लागे. माझं एक बोटही झिजलेलं नव्हतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

एक दिवस शेजारच्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई, म्हणजे तिथल्या परिचारिकांच्या प्रमुख, आमच्या मॅडमना भेटायला आल्या. मॅडम म्हणजे मुलींना शिकवणाऱ्या. पांढरे होत चाललेले केस, हळू आवाज आणि खिशात कायम खडूचा तुकडा.

"आमच्या वॉर्डात येणाऱ्या तुमच्या मुली हुशार आहेत हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "काहीही विचारा, तोंडपाठ. पण रुग्णाला वळवायचं म्हटलं की एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. काल एका आजींचा लुळा हात अंगाखालीच राहिला. आजी बिचाऱ्या संकोचानं बोलल्याही नाहीत."

मॅडमना राग आला असता तर नवल नव्हतं. पण त्या फक्त ऐकत राहिल्या. मेट्रनबाई गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, पाटी उचकटली, आवरण काढलं आणि त्याची घडी करून कपाटावर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साऱ्या वर्गासमोर मला मुद्दाम वाईट पद्धतीनं वळवलं. चादर खसकन ओढली, माझं डोकं पलंगाच्या कडेच्या कठड्यावर आपटलं आणि हात झटकून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." मुली हसल्या. मग त्यांनी तेच काम नीट करून दाखवलं आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा, चांगलं काम कशाला म्हणायचं?"

मुली सांगत गेल्या आणि मॅडम भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहीत गेल्या. हात धुतले का? काय करणार ते रुग्णाला आधी सांगितलं का? अंग झाकलेलं राहिलं का? लुळा हात जपला का? रुग्ण पडू नये म्हणून कठडा वर होता का?

"परीक्षेत मी हेच बघणार आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पेपर आधीच फुटला की," अक्का म्हणाली. अक्का वर्गात सगळ्यांत मोठी. स्वतःची मुलं शाळेत जायला लागल्यावर ती शिकायला आलेली.

"फुटू दे. चांगलं काम कसं असतं ते तुमच्यापासून लपवून मला काय मिळणार? जिला जमेल ती वॉर्डात जाईल. जिला नाही जमणार ती सराव करून पुन्हा परीक्षा देईल."

वर्गात एक मुलगी होती, जिला सगळ्या अबोली म्हणत. बोलायची कमी म्हणून ते नाव पडलं होतं. लेखी परीक्षेत पहिला नंबर तिचा ठरलेला. तिची पाळी आली तेव्हा मी एक आजी होते, उजवं अंग लुळं पडलेली. अबोलीनं सगळं भराभर केलं. चादर अशी ताणली की सुरकुती शोधून सापडू नये. पण माझा लुळा हात अंगाखाली दबला होता, पाठ उघडी राहिली होती आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिनं एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

मॅडमनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'अजून सराव हवा.'

अबोलीचा चेहरा उतरला. "हात राहिला, ते चुकलं. पण न बोलल्याचे गुण का जावेत, मॅडम? बाहुलीशी काय बोलायचं?"

मॅडमनी उपदेश केला नाही. दोघींनी मिळून मला उचललं आणि खुर्चीत बसवलं. "आता तू झोप. डोळे मीट. उजवा हात तुझा नाहीच असं समज."

अबोली माझ्या जागी झोपली. काही न सांगता मॅडमनी तिच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला वळवलं. तिनं दचकून कठडा गच्च धरला. मॅडम थांबल्या. मग तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता तुला माझ्याकडे वळवणार आहे हं. पाठीला माझा हात आहे. पडणार नाहीस." या वेळी कठडा धरलेला हात आपोआप सुटला. खुर्चीतून मला ते स्पष्ट दिसलं.

अक्काची गत उलटी. तिनं माझ्याशी इतक्या गप्पा मारल्या की कठडा वर करायचाच राहिला, आणि मी धाडकन खाली. माझ्या कमरेला चीर पडली ती त्या दिवशी.

"आत्याबाई गेल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"अजून सराव हवा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "इथे पडल्या म्हणून बरं. वॉर्डात पडल्या असत्या तर?" त्यांनी दोघींची जोडी लावून दिली.

जेवणाच्या सुट्टीत त्या दोघी माझ्यापाशी येऊ लागल्या. अबोली अक्काच्या हाताला शिस्त लावी. कठडा विसरला की काही न बोलता पलंगावर टकटक करी. अक्का मात्र अबोलीला बोलतं करता करता टेकीला आली.

"अगं, नुसतं म्हण, वळवते तुम्हाला."

अबोली ओठ उघडी आणि मिटून घेई. शेवटी एकदा हळूच म्हणाली, "अक्का, बाहुलीचं निमित्त होतं गं. मला माणसांशीच बोलता येत नाही. शब्द घशात अडकतात. म्हणून तर मी लिहिते."

 अक्कानं माझ्या केसांवरून हात फिरवला. "मग आत्याबाईंना सांग. या कुणाला चुगली करणार नाहीत."

त्यानंतर अबोली कधी कधी एकटीच येई. पहिल्यांदा नुसतं "वळवते" म्हणाली. मग "वळवते हं, गार लागेल जरा." मग पांघरूण नीट करता करता तिनं मला तिच्या घरच्या मांजरीबद्दल सांगितलं. मित्रांनो, इतकी वर्षं लोक माझ्याबद्दल बोलत होते. माझ्याशी कुणी बोलेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुन्हा परीक्षेचा दिवस आला. अक्काचं काम झालं, कठडा वर, मी पलंगावर. ती पास झाली. मग अबोली. तिची वाक्यं पाठ होती, माझ्यावरच तर घोटली होती. पण मॅडम म्हणाल्या, "आज हे आजोबा आहेत, उजवं अंग लुळं पडलेले. यांना अजिबात ऐकू येत नाही."

अबोली जागच्या जागी थांबली.  पुन्हा राहिली तर सगळ्या मैत्रिणी वॉर्डात जाणार आणि ही इथेच. मला वाटलं, आता ही जुन्यासारखी मुकाट्यानं चादर ओढणार.

तिनं हात धुतले. मग पलंगाला वळसा घालून माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याला हळूच स्पर्श केला. स्वतःकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि तळहात सावकाश कुशीवर वळवून दाखवला. थोडं थांबली, जणू माझ्या उत्तराची वाट बघत होती. मगच तिनं माझा लुळा हात उचलून छातीवर ठेवला आणि मला वळवलं.

मॅडमनी लिहिलं काहीच नाही. म्हणाल्या, "उद्यापासून वॉर्डात जा."

काही महिन्यांनी मेट्रनबाई पुन्हा आल्या. मॅडमनी भीत भीतच विचारलं, "काही तक्रार?"

"आहे ना. खिडकीजवळचे एक आजोबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, ती कुठे आहे, ती आधी सांगणारी? तिची सुट्टी असली की आमची पंचाईत होते. आता बाकीच्यांनाही तिच्यासारखं तयार करा."

मॅडम हसल्या आणि खिशातला खडू चाचपू लागल्या.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी कंबर शिवलेली आहे, कोपराचं रबर पातळ झालं आहे. शाळेत एक नवी बाहुली आली आहे. ती म्हणे श्वास घेते, कण्हतेसुद्धा. मला तिचा हेवा वाटत नाही. पहिली चूक करायला मुली अजून माझ्याकडेच येतात, कारण माझ्यापाशी त्यांना भीती वाटत नाही. एकेकाळी न झिजल्याचा मला अभिमान होता. आज अंगावर जिथे जिथे ठिगळ आहे तिथे तिथे कुणीतरी काहीतरी शिकून गेली आहे.

मित्रांनो, शिकण्याच्या वस्तू आवरणात घालून जपू नका. त्या वापरा, फाटल्या तर शिवा आणि पुन्हा वापरा. जे लिहिता येतं ते करूनही बघा. चुकलात तर कुणीतरी काय चुकलं ते सांगेल, आणि पुन्हा करायला मिळेल. आणि घरी कुणी आजारी असेल, पाणी पाजायचं असेल, उशी सरकवायची असेल, तर हात लावण्याआधी एक शब्द बोला. पडून असलेल्या माणसाला तेवढ्यानंही किती बरं वाटतं, ते मला विचारा.